ताप यावा म्हणून

आधीच सांगून टाकतो, या लिखाणात लघवीचा विषय वारंवार येणार आहे. ज्यांना तो नकोसा वाटेल त्यांनी खुशाल पान उलटावं, माझा राग नाही. पण आज भंडाऱ्याहून नागपूरला जाणाऱ्या एसटीत माझ्यासारखाच कुणीतरी बसलेला असणार. संध्याकाळी तो पोटात औषध घेऊन परत येईल आणि घरी त्याची बायको जीव लावून त्याचा ताप उतरवायला बसेल. त्या दोघांनी हे वाचावं एवढ्यासाठी मी लाज गुंडाळून ठेवली आहे.

मी कारध्याचा. वैनगंगेचा पूल ओलांडला की भंडारा, आणि तिथे एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर माझी बैठक. पितळेच्या भांड्यांवर नावं घालायचं काम मी तरुणपणापासून करतो. हातात छिन्नी, मांडीवर पाण्याचा पितळी गुंड, आणि समोर वधूचा मामा शुद्धलेखन सांगत उभा. गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा तिकडचे लोक आंदणाच्या भांड्यांवर 'जि. गोंदिया' घालून मागू लागले, तरी माझा हात कित्येक महिने सवयीने 'भं'कडेच वळायचा. माझा स्वभाव तापट आहे हे दुकानात सगळ्यांना ठाऊक आहे. घातलेलं नाव खोडता येत नाही, म्हणून मधे कुणी बोललेलं मला खपत नाही.

लाल

लग्नसराई ऐन भरात असताना एका सकाळी लघवी लाल झाली. दुखलं-खुपलं काही नाही. दोन दिवसांनी साफ झाली, मग पुन्हा लाल. कांताला, म्हणजे माझ्या बायकोला, मी सांगितलं नव्हतं. तिने मोरीत पाहिलं.

"हे काय जी?" तिने विचारलं.

"उन्हाळी लागली असन."

"उन्हाळी अशी नसते. चला दवाखान्यात. आत्ताच चला."

भंडाऱ्याच्या सोनोग्राफीत लघवीच्या पिशवीत गाठ दिसली. नागपूरच्या डॉक्टरांनी आतून दुर्बीण घालून ती खरवडून काढली. हे ऐकायला जेवढं भयंकर वाटतं तेवढं ते सोसायला नव्हतं. भयंकर होता तो रिपोर्टचा दिवस.

डॉक्टर मध्यम वयाचे, कमी बोलणारे. त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि सरळ म्हणाले, "कॅन्सर आहे."

मी भिंतीवरच्या पंख्याकडे पाहत राहिलो. बोलली ती कांताच. "पण गाठ तर काढली ना तुमी?"

"काढली. पण ही जात परत येणारी आहे. आता ती वरवर आहे. पुढच्या वेळी खोल शिरून आली तर लघवीची पिशवीच काढावी लागेल. मग पोटाला भोक पाडून बाहेर प्लास्टिकची पिशवी लावायची. लघवी तिच्यात जमणार."

मरणाचा विचार मला त्या क्षणी आला नाही, हे खरं सांगतो. मला दिसली ती दुकानाची पायरी, मांडीवरचं भांडं, आणि पोटावर चिकटवलेली ती पिशवी. वधूचा मामा समोर उभा आहे आणि मी एका हाताने सदरा खाली ओढतोय. मला इतका राग आला, की हा राग कुणावर काढावा तेच कळेना. बाहेर येऊन मी रिक्षावाल्याशी विनाकारण भांडलो.

दंडावर नसलेली खूण

गाठ परत येऊ नये म्हणून डॉक्टरांनी जो उपाय सांगितला तो ऐकून मला वाटलं, हे आपली थट्टा करतायत. ते म्हणाले, बीसीजीची लस. लहान बाळांच्या दंडावर टोचतात तीच, टीबी होऊ नये म्हणून असते ती. माझ्या दंडावर तिची खूण नाही. आमच्या लहानपणी टोचणारे गावात आले की माय मला धानाच्या तणसाच्या ढिगात लपवून ठेवायची. म्हातारपणी त्याच लसीने मला गाठलं होतं, आणि ते दंडावर नव्हे, नको त्या वाटेने.

"यात टीबीचे जंतू असतात," डॉक्टर म्हणाले. "जिवंत, पण मवाळ केलेले. नळीने ते पिशवीत सोडायचे. दर आठवड्याला एकदा."

"आणि ते जंतू कॅन्सरले मारतात?"

"नाही. ते नुसता गोंधळ घालतात. गावात कुणी 'चोर चोर' ओरडलं की सगळे काठ्या घेऊन धावतात ना, तसं तुमचं शरीर धावून येतं. मारतं ते शरीर. आत्ता अडचण अशी आहे की ही गाठ तुमच्याच मांसाची. शरीराला ती परकी वाटत नाही, म्हणून ते ढिम्म बसलंय."

मग त्यांना जरा बोलायची लहर आली असावी. ते म्हणाले, बऱ्याच लसींमध्ये मूळ औषधाबरोबर शरीराला चेतवणारं काहीतरी मुद्दाम मिसळलेलं असतं, कित्येक लसींत तर तुरटीच्या नात्यातला एक क्षार असतो. नुसत्या औषधाकडे शरीर लक्ष देत नाही, या जोडीदारामुळे ते जागं होतं. माझ्या बाबतीत ही सगळी लसच जोडीदाराचं काम करणार होती. तुरटी म्हटल्यावर मला जरा धीर आला. गढूळ पाण्यात ती फिरवली की काय होतं, हे नदीकाठच्या माणसाला सांगावं लागत नाही.

"थोडा ताप येईल, जळजळ होईल, सांधे दुखतील," त्यांनी बजावलं. "त्याला घाबरायचं नाही. पण थंडी वाजून जोराचा ताप चढला आणि उतरेना, तर लगेच यायचं. मनाने काही घ्यायचं नाही. आत्ता कुठलं औषध चालू आहे?"

"काहीच नाही," मी म्हणालो. ते खरंही होतं.

कुशीवर

लस देण्याची खोली लांबट होती. ओळीने खाटा, आणि सगळे माझ्या वयाचे पुरुष. नळी आत जाते तेव्हा जो तो छताकडे बघतो. औषध सोडलं की नळी काढतात आणि मग ते दोन तास आत धरून ठेवायचं. अधूनमधून सिस्टर येऊन सांगणार, "आता डावीकडे वळा," की सगळी ओळ डावीकडे वळायची. पहिल्या दिवशी मला त्याचं हसू आलं. तासाभराने आलं नाही. लघवी दाबून धरणारा माणूस कशावरही हसत नाही.

त्या खोलीत पडदा नव्हता. दुसऱ्या खेपेला सिस्टरने काही न बोलता दोन सलाइनच्या दांड्यांना चादर बांधली आणि माझ्या खाटेपुढे उभी केली. मी लाजतो हे तिने कधी हेरलं कोण जाणे. त्या चादरीचा आधार मला औषधाइतकाच वाटला.

घरी आल्यावर संडासात ब्लीचिंग ओतायचं, कारण जंतू जिवंत. कांता ते ओतायची आणि गल्लीभर वास सुटायचा. हळूहळू 'याईले टीबी झाला' अशी कुजबुज सुरू झाली. विहारात माझ्या बाजूची सतरंजी मोकळी राहू लागली. जयभीम घालणारे हात लांबूनच जोडले जाऊ लागले. मी दोघातिघांना नीट समजावून सांगितलं, नंतर कंटाळून सोडून दिलं.

पुडी

दुसऱ्या डोसाच्या रात्री ताप आला. लघवीला आग, आणि बोटांचे सांधे असे धरले की सकाळी चहाची बशी उचलवेना. छिन्नी धरणं तर लांबच राहिलं.

रोवणीचे दिवस होते. कांता बायकांच्या टोळीबरोबर धान रोवायला जायची. आमची स्वतःची धानाची बांधी लहान, पण टोळीत गेलं की आपल्याकडेही टोळी येते, असा तो व्यवहार. दिवसभर कमरेत वाकून चिखलात उभं राहायचं. संध्याकाळी बायका सरळ होताना आवाज काढतात तो ऐकला की कळतं काम काय असतं ते.

या कामात सगळ्या बायका पुडी घेतात. कांताचा भाऊ धनराज अड्याळला राहतो. रोवणीच्या तोंडावर तिथल्या बाजारातून तो टोळीभरासाठी पुड्या आणून देतो. बाजारात एकजण पोत्यावर मुळ्या, साली मांडून बसतो आणि भुऱ्या रंगाचं चूर्ण कागदात बांधून विकतो. चिमूटभर मधात घ्यायचं, की अर्ध्या तासात कंबर मोकळी. आमच्याकडे पुडीला कुणी औषध म्हणत नाही. डब्यात भाकरी, चटणी तशी कमरेला पुडी. औषध ते डॉक्टर देतो आणि कडू लागतं. पुडी ही जडीबुटी, ती बापजाद्यांपासूनची, असंच सगळे धरून चालतात. तशी ती बापजाद्यांपासूनची नव्हतीही, मला आठवतं, पूर्वी बाया हळद लावायच्या.

त्या संध्याकाळी कांता चिखलाच्या पायांनीच घरात आली आणि माझ्या बोटांकडे बघत राहिली.

"इतकं दुखून राहिलं अन् बोलत नाही तुमी," ती म्हणाली. "घ्या, माह्यातली अर्धी घ्या."

मी घेतली. तासाभरात बोटं मिटायला लागली. सकाळी ताप गेला होता, आगही गेली होती, आणि मला सणकून भूक लागली होती. त्या दिवसापासून पुडी मी रोज मागून घेऊ लागलो.

बरं वाटणं

त्यानंतरचे दिवस मी इतक्या सुखात काढले, की आता आठवलं तरी अंगावर काटा येतो. तिसरा डोस झाला, काही झालं नाही. चौथा झाला, काही नाही. मी दुकानात जाऊ लागलो, दोन वेळा ताट पुसून जेवू लागलो. गाल भरले. दुकानाचे शेटजी म्हणाले, तब्येत सुधारली तुमची, लस मानवली. धनराज भेटायला आला तेव्हा मला बघून खूश झाला. "भाऊजी, बिमारी पळून गेली बगा," म्हणाला, आणि जाताना आणखी पुड्या ठेवून गेला.

डॉक्टर मात्र खूश दिसेनात. दर वेळी विचारायचे, "ताप?"

"नाही."

"जळजळ?"

"नाही साहेब, एकदम मस्त."

ते मान हलवायचे आणि काही लिहायचे. मला वाटायचं, याला आपलं बरं झालेलं बघवत नाही की काय.

पाचव्या खेपेला नळीचा ट्रे माझ्या खाटेशी आला आणि डॉक्टर स्वतः मागून आले. त्यांनी माझा चेहरा उजेडाकडे वळवला, गाल बोटाने दाबून पाहिला. मग दाराशी उभ्या असलेल्या कांताकडे बघितलं. तिचाही चेहरा अलीकडे गोल झाला होता. आम्ही त्याला वयाचं बाळसं म्हणायचो.

"तुम्ही दोघं मिळून काय घेता?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही," मी म्हणालो.

"दवाई नाही घेत साहेब," कांता उत्साहाने पुढे आली, कारण तिला वाटलं आता आपलं कौतुक होणार. "मीच याईले पुडी देल्ली. जडीबुटी हाये. तवापासून ताप नाही आला." आणि तिने पिशवीतून एक काढून त्यांच्या हातावर ठेवली.

डॉक्टरांनी कागद उलगडला, चूर्ण पाहिलं, परत बांधलं. सिस्टरला म्हणाले, "ट्रे घेऊन जा. आज डोस नाही."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. रागाशी माझी ओळख आहे. पण ते खाटेच्या कडेला बसले आणि हळू आवाजात बोलू लागले, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली.

"अशा चूर्णांत बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्याने दुखणं जातं, ताप जातो, भूक लागते, चेहरा सुजतो. कारण ते शरीराला झोपवतं. मी पुढच्या दाराने त्याला हाका मारतोय आणि तुम्ही मागच्या दाराने झोपेचं औषध पाजताय."

"म्हणजे लस फुकट गेली?"

"किती गेली ते आता सांगता येणार नाही. त्याहून मोठी काळजी वेगळी आहे. मी तुमच्या अंगात जिवंत जंतू सोडलेत, शरीर जागं आहे असं समजून. पहारेकरी झोपलेला असताना ते कुठवर गेले ते आधी बघू द्या."

कांता भिंतीला टेकली. तिने पुडीकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "आन् ते आता बंद करू ना?"

"एकदम नाही करायची," ते म्हणाले. "एकदम सोडली तर माणूस कोसळतो. तुम्ही किती वर्षं घेताय?"

कांता बोटांवर मोजू लागली. "पोरगी शाळेत होती तवापासून. रोवणीत, आन् मंग कापणीत. आता तर गुडघ्यासाठी रोजच."

त्या दिवशी एक्स-रे माझा निघाला, रक्त दोघांचं घेतलं. माझी छाती साफ निघाली, जंतू कुठे गेले नव्हते. कांताला मात्र साखर निघाली. आम्ही गेलो होतो एक रोगी आणि एक सोबतीण, परत आलो ते दोन रोगी.

एसटीत

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. मग खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "मीच तुमची दवाई मारून टाकली जी."

मला तिचा राग आला होता. हे लिहिणं बरं नाही, पण आला होता. तिच्यावर, धनराजवर, त्या पोत्यावरच्या माणसावर, आणि स्वतः मागून पुडी खाणाऱ्या माझ्यावर. मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. मी म्हणालो, "आता गप बस." ती गप्प बसली, आणि घरी आल्यावर चार दिवस गप्पच राहिली. ते चार दिवस मला रिपोर्टच्या दिवसापेक्षा जड गेले.

धनराज आला तेव्हा मी त्याच्यावर तुटून पडलो.

"मी काय जहर आणून देल्लं का?" तो उलट ओरडला. "माही माय तेच खायची, माही बहीण तेच खाते. मले का माहीत त्याच्यात का हाये!"

"माहीत नाही त आणता काहून?"

"भाऊजी, तुमी तरी इचारलं का कवा?"

तो चहा न पिता निघून गेला. त्याचं म्हणणं बरोबर होतं, म्हणूनच मला जास्त झोंबलं.

डॉक्टरांनी आम्हाला दोघांनाही मोजून-मापून गोळ्या दिल्या, दर आठवड्याला थोड्या कमी करत जायच्या. जसजशा गोळ्या उतरल्या तसं सगळं दुखणं परत आलं. माझी बोटं एवढी नाही, पण कांताचे गुडघे! सकाळी ती जमिनीवर हात टेकून, खाट धरून, तोंडातून आवाज न काढता उठायची. आमच्या बांधीत शेवटची रोवणी टोळीने केली आणि ती धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून बघत राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

अंगातून पुडी उतरली तेव्हा डॉक्टरांनी परत दुर्बीण घातली. एका जागी लालसर डाग होता. त्याचा तुकडा तपासायला गेला. आठवड्याने उत्तर आलं: तोच रोग. खोल नाही, पण परत आलाय.

"आता नीट ऐका," डॉक्टर म्हणाले. "पूर्ण कोर्स नव्याने देतो. या वेळी शरीर जागं झालं तर ठीक. नाही झालं, तर मी वाट बघणार नाही. पिशवी काढायची."

वाट

धान पिवळं पडायला लागलं होतं तेव्हा दुसरी फेरी सुरू झाली. तीच लांबट खोली, तीच ओळ, "आता डावीकडे वळा." सिस्टरने मला पाहिलं आणि न विचारता चादर बांधली.

पहिला डोस झाला आणि आम्ही घरी येऊन बसलो तापाची वाट बघत. माणूस ताप यावा म्हणून वाट बघतो, हे मी आयुष्यात पहिल्यांदा अनुभवलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तापाचा आणि गुणाचा असा सरळ हिशोब नसतो, ताप न येताही कित्येकांना गुण येतो. ते आमच्या डोक्यात शिरलं, मनात शिरलं नाही. कांता चुलीवरून उठून यायची, माझ्या कपाळावर तळवा ठेवायची.

"गरम लागते का?" मी विचारायचो.

"नाही जी. गारच हाये."

आणि तिचा चेहरा उतरायचा. शेजारीण एकदा दारात उभी होती. हिचा नवरा गार आहे म्हणून ही रडवेली होते, हे तिला काही उमजलं नाही.

दुसरा डोस. गार. मी दुकानात बसून एका गुंडावर नाव घालत होतो, आणि मधेच हात थांबायचा. पुढची लग्नसराई येईल तेव्हा मी या पायरीवर सदरा ओढत बसलेला असेन काय? वाटायचं, शरीर झोपलं ते कायमचं झोपलं. माय ज्या शरीराला लसीपासून तणसात लपवायची, त्याने आता त्या लसीला ओळख द्यायलाही नकार दिला, असले काहीबाही विचार यायचे.

त्याच सुमारास धान कापणीला आलं. कांताला वाकता येत नव्हतं, माझ्यात त्राण नव्हतं. एका सकाळी बांधीकडे गेलो तर धनराज विळा घेऊन कापत होता. अड्याळहून पहाटेच निघाला असणार. आमच्यात भांडणानंतर शब्द नव्हता. मी धुऱ्यावर उभा राहिलो. तो मान वर न करता म्हणाला, "थंडीचे काहून आले? जा घरी." तेवढंच. दुपारपर्यंत त्याने सगळी बांधी झोपवली. संध्याकाळी तो चहा प्यायला आणि कांताने त्याला दोनदा साखर विचारली.

तिसऱ्या डोसाच्या दिवशी एसटी कारध्याच्या पुलावर आली तेव्हा सूर्य नदीत टेकला होता. मला एकदम हुडहुडी भरली. आधी वाटलं, पुलावरचा वारा असेल. मग पाठीतून कळ निघाली आणि बोटं आखडली. उतरल्यावर दोन पावलं चाललो आणि कांताने वळून पाहिलं. तिने रस्त्यातच माझ्या कपाळावर हात ठेवला.

तिचा हात तसाच राहिला. मग तिने दुसरा हात ठेवला, मग तळव्याची उलटी बाजू.

"तापलं जी," ती म्हणाली. "तापलं!"

आणि ती थांब्याच्या कट्ट्यावर बसली, पदर तोंडावर घेऊन हुंदके देत हसू लागली. येणारे-जाणारे थांबले. कुणीतरी विचारलं, काय झालं बाई? ती म्हणाली, "याईले ताप आला." त्या माणसाने सहानुभूतीने मान हलवली.

मात्र घरी पोचेपर्यंत हसू विरलं होतं. हा चांगला ताप की वाईट? जंतू जिवंत आहेत हे आम्ही विसरलो नव्हतो. कांता थर्मामीटर घेऊन उशाशी बसली. आकडा चढत गेला. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, अमुक आकड्याच्या वर गेला तर गाडी करून या, नाहीतर पाणी पाजा आणि सकाळी कळवा. साधी तापाची गोळी एक चालेल. कांताने ती गोळी हातात धरली आणि मला दाखवून तीनदा विचारलं, "हे चालते ना जी? नक्की चालते?" पुडी ज्या हाताने सहज दिली होती तो हात आता साध्या गोळीलाही अडत होता. मी त्या रात्री तिला एसटीत म्हणायचं राहिलेलं म्हणालो. काय ते इथे लिहीत नाही.

आकडा त्या रेषेच्या जरा अलीकडेच थांबला. उजाडताना घाम फुटला. त्यानंतर प्रत्येक डोसाला ताप आला, आग झाली, बोटं धरली, आणि मी घरभर कण्हत फिरलो. कांताने एकदाही 'सोसा' म्हटलं नाही. ती स्वतःचे गुडघे शेकत माझ्या शेजारी बसायची.

कपाळ

तपासणीची दुर्बीण घालायची होती तो दिवस थंडीचा होता. मागल्या वेळी मी डोळे मिटून पडलो होतो. या वेळी डॉक्टर म्हणाले, "पडद्याकडे बघा."

मी घाबरत बघितलं. फिकट गुलाबी, गुळगुळीत, ओलसर भिंत. जिथे लाल डाग होता तिथे त्यांनी दुर्बीण थांबवली, मागे नेली, पुन्हा आणली. डाग नव्हता. माझ्या हाताशी नाव न घातलेलं कोरं भांडं येतं, तसं दिसत होतं ते सगळं.

"जागं झालं होतं शरीर," ते म्हणाले. "आता अधूनमधून बघत राहू. पिशवी तुमची तुमच्याजवळ."

तपासण्या अजून चालू आहेत. दर वेळी आदल्या दिवशी मला जेवण जात नाही. रोग गेला असं मी म्हणणार नाही, तो गेल्या वेळी दिसला नाही एवढंच. तुम्ही याच वाटेवर असाल तर माझं सांगणं थोडकंच आहे: डॉक्टर 'काय घेता' विचारतील तेव्हा पुडी, काढा, कुणी दिलेली चिमूट, सगळं टेबलावर ठेवा, तुम्ही त्याला औषध म्हणत नसलात तरी. कांता आता टोळीतल्या बायकांना हे सांगते. काही ऐकतात. काहींची कंबर ऐकू देत नाही, आणि त्यांना मी नावं ठेवू शकत नाही.

तर दुर्बिणीच्या त्या दिवशी मी पायजम्याची नाडी बांधत बाहेर आलो. कांता बाकावरून उठायला लागली, गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. मी नुसती मान हलवली. तिला ती मान होकाराची की नकाराची ते कळेना. मग तिने सवयीने माझ्या कपाळावर तळवा ठेवला.

"गार हाये," ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो. "आता गार असलं तरी चालते."